मास्टर्स हाताशी आहे, मग ऑर्थोची जागा मिळेल?

अमेरिकेत दंतवैद्यकाला प्रवेश घेण्याआधी अनेक जण जीवशास्त्रात किंवा सार्वजनिक आरोग्यात मास्टर्स करतात. बहुतेकदा कॉलेजात गुण कमी पडलेले असतात आणि ते भरून काढायचे असतात. ते काम ही पदवी करतेही. पण पुढे ऑर्थोडॉन्टिक्सच्या किंवा ओरल सर्जरीच्या रेसिडेन्सीला अर्ज करताना ती पुन्हा कामी येते का?

नुसती पदवी म्हणून फारशी नाही. निवड करणारे आधी डेंटल स्कूलमधले गुण आणि वर्गातला क्रमांक बघतात, मग प्राध्यापकांची शिफारसपत्रं. राष्ट्रीय बोर्डाच्या परीक्षेचा निकाल 2012 पासून फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा लागतो, त्यामुळे क्रमांकाला आणखी वजन आलं. हार्वर्डसारख्या ठिकाणी गुणपद्धतच नाही. तिथल्या विद्यार्थ्याच्या अर्जात संशोधन जास्त बोलतं, आणि मास्टर्सच्या काळात प्रयोगशाळेत खपून शोधनिबंध प्रसिद्ध केला असेल तर तो नक्की मोजला जातो.

ओरल सर्जरीचं गणित वेगळं. तिथे सीबीएसई ही मूलभूत वैद्यकशास्त्रांची परीक्षा द्यावी लागते, आणि ती मुळात मेडिकलच्या विद्यार्थ्यांसाठी बेतलेली आहे. शरीरक्रियाशास्त्रात मास्टर्स केलेल्याचा पाया इथे पक्का असतो. तरी समितीपुढे जातो तो स्कोअरच.

आपल्याकडची बीडीएस झालेली मुलं तिकडे एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातलं मास्टर्स, करायला जातात, त्यांची गोष्ट निराळी. त्यांना आधी अमेरिकन डेंटल स्कूलच्या वरच्या वर्षात प्रवेश हवा असतो. तिथे एमपीएचमुळे अमेरिकेतले गुण दाखवता येतात, ओळखीचा प्राध्यापक पत्र देतो. भारतात एमडीएसच्या प्रवेशाला नीटचा क्रमांकच चालतो. आधीच्या पदवीला तिथे वेगळं वजन नाही.

स्पेशालिटी मिळावी एवढ्याचसाठी डेंटलआधी एक-दोन वर्षं आणि वर कर्ज अंगावर घेणं मला अजिबात पटत नाही. ऑर्थोच्या अनेक कार्यक्रमांत तर पुढे पुन्हा फी भरावी लागते. तोच वेळ डेंटलच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासाला आणि सुट्टीतल्या संशोधनाला दिला तर जास्त पदरात पडतं.

अपवाद डेंटल पब्लिक हेल्थचा. दातांच्या आरोग्याची धोरणं आखणारी ही शाखा आहे आणि तिच्या एक वर्षाच्या रेसिडेन्सीला साधारणपणे एमपीएच किंवा तत्सम पदवी आधीच लागते.