जळालेल्या डोंगराची वाट

वणवा आपल्याला नवा नाही. फाल्गुन-चैत्रात रात्री अंगणात उभे राहिले, की डोंगरावर आगीची माळ दिसते. सकाळी डोंगर काळा होतो. मृगाचा पाऊस पडला, की तोच डोंगर पुन्हा हिरवा होतो. मग आपण म्हणतो, "जळलं तर जळलं! डोंगर आहे तसाच आहे."

खरेच तसाच असतो का? हे समजण्यासाठी आज दूरच्या एका डोंगरावर जाऊ. पायांनी नाही, मनाने.

अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. त्यात मोहावे नावाचे वाळवंट आहे. वाळवंट म्हटले की आपल्यापुढे नुसती वाळू येते. हे तसे नाही. येथे डोंगर आहेत, खडक आहेत, झाडेही आहेत. पाऊस मात्र फार थोडा. १९९४ साली सरकारने या वाळवंटाचा मोठा भाग राखून ठेवला. त्यातच ट्यूटोनिया नावाचे शिखर आहे. उंची ५,७५५ फूट. म्हणजे आपल्या कळसूबाईहून थोडे उंचच. पण पायथाच उंचावर आहे, म्हणून चढ जेमतेम सातशे फुटांचा. वाट दीड मैलाची. जाऊन-येऊन तीन मैल.

वाट सोपी, पण ऊन कडक आणि वाटेत पाणी नाही. दिवसभरासाठी माणशी चार लिटर पाणी बरोबर घ्यावे लागते. वाट सोडून चालायचे नाही, हा दुसरा नियम. कारण तिथल्या जमिनीवर बारीक शेवाळ्यासारखी जिवंत साय असते. ती माती धरून ठेवते. एका पावलाने ती मोडते आणि पुन्हा धरायला कित्येक वर्षे लागतात.

चला, चालू लागू. दोन्ही बाजूंना काय दिसते? काळी खोडे. उभीच्या उभी, हात वर करून थांबलेल्या माणसांसारखी. ही जोशुआची झाडे. आपल्या घायपाताच्या नात्यातली. फांदीच्या टोकाला तशीच अणकुचीदार पाने असतात. हे झाड वर्षाला एक-दोन इंच वाढते. पुरुषभर उंच झाड दिसले, तर ते तुमच्या-माझ्या वयाचे समजावे!

१५ ऑगस्ट २०२० रोजी येथे वीज पडली आणि वणवा पेटला. सुमारे त्रेचाळीस हजार एकर रान जळाले. सुमारे तेरा लाख जोशुआ गेले, असा अंदाज आहे. शंभर वर्षांचे झाड जळायला किती वेळ लागला असेल? काही मिनिटे.

तुम्ही विचाराल, वीज तर पूर्वीही पडत होती. मग एवढी आग आताच कशी? याचे उत्तर पायाखाली आहे. वाळवंटातली झुडपे एकमेकांपासून दूर असतात. मध्ये उघडी जमीन असते. एक झुडूप पेटले, तरी आग पुढे जात नसे. पण युरोपकडून ब्रोम नावाचे गवत येथे आले. ओल्या वर्षी ते झुडपांमधली मोकळी जागा भरून टाकते. उन्हाळ्यात वाळते. मग आगीला वाट मिळते, जणू दिव्याला वात.

शेजारच्या ॲरिझोना राज्यातही असेच झाले. तेथे चाऱ्यासाठी आफ्रिकेतून एक गवत नेले. ते कोणते, ठाऊक आहे? आपण ज्याला अंजन म्हणतो तेच! आपल्याकडे ते गुरांचे पोट भरते. तिकडच्या वाळवंटात तेच आग पसरवते. गवत वाईट नाही. जागा चुकली.

आता खाली वाका. एका काळ्या खोडाच्या बुडाशी हिरवा कोंब दिसतो. मूळ जिवंत आहे! पण दुष्काळात ससे आणि उंदीर असे कोवळे कोंब खाऊन टाकतात. मग बियांपासून नवे झाड का होत नाही? बी धरण्यासाठी फुलोरा हवा. एक लहानसा पतंग एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला नेतो, तेव्हाच बी धरते. बी रुजले, तर रोपाला झुडपाची सावली लागते. आणि झुडपे तर जळाली.

म्हणून २०२१ पासून माणसे रोपे लावू लागली. या रानाच्या काही भागात मोटार न्यायला बंदी आहे. मग पाणी कसे न्यायचे? उंटांच्या पाठीवर! रोपाभोवती जाळी बसवली, हाताने पाणी घातले. तरी सगळी रोपे जगली नाहीत. लावणाऱ्यांना त्यांची सावली मिळणार नाही. ती नातवंडांना मिळेल.

वर मोठमोठ्या खडकांपाशी वाट संपते. येथून पूर्वेला न्यू यॉर्क नावाचे डोंगर दिसतात. तेथेही जुलै २०२३ मध्ये वणवा पेटला आणि त्र्याण्णव हजार एकरांवर रान जळाले. चला, उतरू.

वाळवंटातले नुकसान उघडे दिसते. आपल्याकडे पाऊस त्यावर हिरवे पांघरूण घालतो. गवत येते, पण दोन वर्षांचे पळसाचे, आवळ्याचे रोपटे कुठे असते? ते दरसाल जळते. उघडी माती पहिल्या सरीला ओढ्यात जाते.

म्हणून विडी पेटती टाकू नका. चांगले गवत येईल म्हणून डोंगर पेटवू नका. गवत कापून आणा. वनखात्याची माणसे जाळरेषा काढतील, तेव्हा त्यांना हात द्या.

आणि एक करा. पुढच्या श्रावणात डोंगरावर जा. हिरवे गवत हाताने बाजूला सारा आणि गुडघ्याएवढी रोपटी किती सापडतात, ती मोजा. आपला डोंगर खरोखर आहे तसाच आहे का, हे तुमचे तुम्हालाच कळेल.