आठ वाजता सिलोन

संपादकांनी विषय दिला होता ‘विविध भारती’चा. 1 नोव्हेंबर 1967 रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवरून विविध भारतीने जाहिराती घ्यायला सुरुवात केली. आकाशवाणीची ती पहिली जाहिरात सेवा, आणि तिन्ही केंद्रं आपली. पण सरकारी रेडिओला जाहिराती घ्याव्याशा का वाटल्या, हे शोधायला लागलं की वाट समुद्र ओलांडून कोलंबोला जाते. तिथे हे दुकान सतरा वर्षं आधीच उघडलं होतं आणि त्याची बहुतेक गिऱ्हाइकं आपल्या देशात बसली होती. म्हणून मी रेडिओ सिलोनवरच लिहायला घेतलं.

रेडिओ सिलोनचा अधिकृत इतिहास थोडक्यात असा. एडवर्ड हार्पर नावाच्या इंग्रज तार-अभियंत्याने पकडलेल्या जर्मन पाणबुडीतली यंत्रसामग्री वापरून कोलंबोत प्रसारणाचे प्रयोग केले आणि 1925 च्या डिसेंबरात नियमित प्रक्षेपण सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटनच्या आग्नेय आशिया कमांडने तिथे सैनिकांसाठी रेडिओ चालवला. युद्ध संपलं, फौजा परतल्या आणि एकला या ठिकाणचा 100 किलोवॅटचा लघुलहरी प्रक्षेपक नव्याने स्वतंत्र झालेल्या छोट्या देशाच्या हाती आला. एवढ्या ताकदीच्या यंत्राला श्रीलंकेचं बेट पुरणारं नव्हतं. 30 सप्टेंबर 1950 ला व्यापारी सेवा सुरू झाली. कोलंबो योजनेतून आलेल्या क्लिफर्ड डॉड या ऑस्ट्रेलियन माणसाने ती उभी केली.

मग 1952 साली दिल्लीत माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री म्हणून डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर आले. केसकर मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे मनापासूनचे चाहते. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत होतं. त्या गाण्यांचा वेळ कापला गेला, आणि गाणं लावताना चित्रपटाचं नाव घेणं म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून तेही बंद झालं. निर्मात्यांनी चिडून गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. केसकरांना खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते मला पटत नाही. सुगम संगीताला आकाशवाणीवर मानाची जागा मिळाली ती याच काळात, आणि 1955 ला पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं तेही याच काळात. मात्र घरात रेडिओ घेतलेल्या माणसाला काय ऐकायचं आहे, हे त्याला विचारावं असं दिल्लीत कुणाला वाटलं नाही. कोलंबोने विचारलं.

इथे लघुलहरींचं तंत्र समजून घ्यायला हवं, कारण सगळी गंमत त्यात आहे. मध्यमलहरी दिवसा जमिनीला धरून जातात आणि काही अंतरावर दमतात. लघुलहरी तिरप्या वर जातात, शे-दोनशे किलोमीटर किंवा त्याहून उंचावरच्या विद्युतभारित थरावरून परततात आणि दूर कुठेतरी खाली उतरतात. प्रक्षेपकाजवळचा काही पट्टा त्या उडीखाली कोरडाच राहतो. कोलंबोपासून मुंबई सुमारे दीड हजार किलोमीटर, म्हणजे नेमकी एका उडीच्या टप्प्यात. त्यामुळे आकाशवाणीचं केंद्र जिथे धड लागत नसे अशा खेड्यातही सिलोन लागे. सूर्य मावळला की वरचा थर विरळ होतो आणि उंच वारंवारिता निसटून अवकाशात जातात. म्हणून दिवसा 25 किंवा 31 मीटरवर ऐकू येणारं स्टेशन रात्री 41 मीटरवर शोधावं लागे. दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींत मिसळल्या की आवाज फुगायचा, मग ओसरायचा. भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची एरियल, काट्याला केसभर सरकवणारी बोटं, आणि ऐन गाण्यात येणारी खरखर हे सारं त्या उडीचं मोल होतं. सिलोन ऐकायला थोडी मेहनत पडे, आणि मेहनत करून ऐकलेलं लक्षात राहतं.

पण आवाज कोलंबोहून येत असला तरी कार्यक्रम मुंबईत घडत होते. डॅन मोलिना या अमेरिकन माणसाच्या कंपनीने इथे जाहिरातदार गाठायचे आणि प्रायोजित कार्यक्रम तयार करून घ्यायचे असं काम चाले. धोबी तलावाच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या तांत्रिक संस्थेत ध्वनिमुद्रणाची सोय होती. तिथे बालगोविंद श्रीवास्तव ओव्हल्टीनचा कार्यक्रम करत. श्रोत्यांत बसलेल्या एका कॉलेजकुमाराला त्यांनी जाहिरात वाचायला उभं केलं. मोबदला म्हणून दर आठवड्याला ओव्हल्टीनचा छोटा डबा ठरला. तो मुलगा अमीन सयानी. थोरले भाऊ हमीद इंग्रजी प्रसारणात नाव कमावून होते. आई कुलसुम सयानी गांधीजींच्या प्रेरणेने नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ हे पाक्षिक काढत. त्याच्या कामात हात घालताना अमीन साधी, बोलती हिंदुस्तानी शिकले. इंग्रजी आणि गुजराती वळणाच्या या मुलाच्या जिभेवर पुढे अर्धा भारत ज्या भाषेवर भाळला ती भाषा चढली ती अशी.

3 डिसेंबर 1952, बुधवार. बिनाका टूथपेस्टने प्रायोजित केलेली ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. सयानींना आठवड्याला पंचवीस रुपये, आणि त्यात संहिता, निर्मिती, निवेदन, आलेल्या पत्रांचा हिशेब सगळं एकट्याने. इतक्या कमी पैशात इतकं काम करायला अनुभवी माणूस कोण तयार होणार? म्हणून ते विशीतल्या पोराकडे आलं. सुरुवातीला सात गाणी वाजायची आणि श्रोत्यांनी त्यांचा क्रम ओळखून लिहून पाठवायचा, बक्षीस शंभर रुपये. चाळीस-पन्नास पत्रं येतील असा अंदाज होता. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार आली. वर्षभरात आठवड्याचा आकडा पासष्ट हजारांवर गेला, आणि पत्रं तपासणं माणसाच्या हाताबाहेर गेल्यावर स्पर्धा थांबवावी लागली.

त्यानंतर जे झालं ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. 1954 पासून गाण्यांचा क्रम लोकप्रियतेवर लावायचं ठरलं. लोकप्रियता मोजायची कशी? दुकानांतून तबकड्यांच्या खपाचे आकडे मागवले. पण एखादी तबकडी दुकानातून संपली की खप शून्य दिसतो, आणि मागणी मात्र तेव्हाच सर्वांत जास्त असते. शिवाय आकडे फुगवण्यात ज्यांचा फायदा ते गप्प कसे बसतील? म्हणून गावोगावच्या श्रोता संघांची मतंही हिशेबात घेतली जाऊ लागली. झुमरीतलैया हे अभ्रकाच्या खाणींचं गाव देशाला ठाऊक झालं ते फर्माइशी पाठवूनच. आज आकडेवारीच्या जोरावर चालणाऱ्या माध्यमांना हे किरकोळ वाटेल. पण पोस्टकार्डाच्या काळात, परदेशी स्टेशनवरच्या टूथपेस्टच्या कार्यक्रमासाठी कुणी आवड इतक्या प्रामाणिकपणे मोजायचा खटाटोप करतं, याचं मला अतोनात कौतुक आहे. श्रोत्यालाही ते कळत होतं. गाण्याच्या क्रमांकासाठीचा ‘पायदान’ हा शब्द पानाच्या ठेल्यावर उच्चारला जायचा आणि कितीतरी घरांत दर बुधवारचा क्रम वहीत उतरवला जायचा.

मुद्रित कार्यक्रमाची स्पूल विमानाने कोलंबोला जाई आणि ठरल्या रात्री आठला वाजे. तिकडे कोलंबोतही हिंदी निवेदकांची फळी होती. विजय किशोर दुबे, गोपाल शर्मा, मनोहर महाजन ही नावं जुन्या श्रोत्यांना अजून पाठ आहेत. सकाळच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात आठाच्या ठोक्याआधीचं शेवटचं गाणं सैगलचंच असायचं.

या यशातच पुढच्या अडचणी होत्या. भारतातल्या कंपन्यांचा जाहिरातीचा पैसा बाहेर जातो हे दिल्लीला दिसत होतं. 1957 च्या ऑक्टोबरात विविध भारती आली, चित्रपटगीतं घेऊन. दहा वर्षांनी तिने जाहिरातीही घेतल्या. आता जाहिरातदाराला स्वच्छ, खरखर नसलेला आवाज घरच्या घरी मिळू लागला. गीतमाला मात्र तरीही कोलंबोला चिकटून राहिली आणि 1989 ला विविध भारतीवर आली. तोवर दूरदर्शन घराघरांत पोचलं होतं. पुढे खासगी एफएम आलं, नव्या सेटवरून लघुलहरींचा पट्टाच गेला, आणि सिलोनची हिंदी सेवा आक्रसत गेली.

मला चिंता वाटते ती मागे राहिलेल्या वस्तूंची. कोलंबोच्या संग्रहात जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या 78 आरपीएमच्या तबकड्यांचा मोठा साठा जमला. लाखेची तबकडी हातातून निसटली की फुटते, आणि समुद्राकाठच्या दमट हवेत तिच्यावर बुरशी चढते. स्पूल त्या काळी महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायची रीत सर्वत्र होती. सयानींनी उतारवयात गीतमालेच्या आठवणी नव्याने मुद्रित केल्या, ‘गीतमाला की छाँव में’ या मालिकेत. त्या ऐकायला गोड आहेत, पण 1950 च्या दशकातला बुधवार त्यात नाही. 20 फेब्रुवारी 2024 ला सयानी गेले. एका देशाचा प्रक्षेपक, दुसऱ्या देशातले स्टुडिओ आणि जाहिरातदार, अशा संस्थेचा वारसा जपायची जबाबदारी कुणा एकाची ठरत नाही, आणि म्हणून कुणाचीच राहत नाही.

जे उरलं आहे त्यातलं बरंच आपल्या घरांत आहे. गाण्यांच्या क्रमाच्या वह्या, श्रोता संघांची रजिस्टरं, कोलंबोहून आलेली उत्तरं, पोस्टाचे शिक्के असलेली रेडिओ लायसन्सची पुस्तकं, आणि कुणी धडपड्याने सेटसमोर टेपरेकॉर्डर ठेवून केलेली मुद्रणं. माळा आवरताना यातलं काही हाती लागलं तर रद्दीवाल्याला देऊ नका. वहीवर मालकाचं नाव, गाव आणि साल लिहा, टेप असेल तर आधी तिची प्रत करून घ्या, आणि जवळच्या ग्रंथालयाशी किंवा ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्या एखाद्या संग्राहकाशी बोला.