ताण एकच, शरीरे वेगळी

नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत नागभीडला आमच्या काउंटरपुढची रांग रस्त्यावर गेली होती. शेजारचे सहकारी लालबुंद होऊन ओरडत होते. आम्ही गप्प, पण छाती धडधडत होती. रांग एकच, मग हा फरक का?

१९५९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. फ्रीडमन व डॉ. रोझेनमन यांनी सदा घाईत, चढाओढीत असणाऱ्या स्वभावाचा हृदयविकाराशी संबंध दाखविला. पुढील संशोधनात घाईपेक्षा मनात धुमसणारा राग अधिक घातक दिसून आला. (कामसू माणसाने उगीच घाबरू नये!) रागाने अ‍ॅड्रेनलिन स्रवते, नाडी व रक्तदाब चढतो.

घराण्याचाही वाटा असतो. मनातल्या मनात भराभर वजाबाकी करायला लावली, की रक्तदाबाच्या रुग्णांच्या मुलांचा दाब इतरांहून अधिक चढतो, असे अनेक प्रयोगांत आढळले. आमचे तर पोटच वजाबाकीवर! वडिलांना वा भावाला ५५ च्या आत, आईला वा बहिणीला ६५ च्या आत झटका आला असेल, तर स्वभाव शांत असला तरी विद्यार्थी मित्रांनीही रक्तदाब तपासून घ्यावा.

आमचे वडील ५२ व्या वर्षी छातीत कळ येऊन गेले. रांग ओसरल्यावर आम्ही दोघांनी दाब मोजून घेतला. ओरडणाऱ्यापेक्षा आमचाच जास्त निघाला.