जुना हार्वेस्टर लोड घेत नाही? पंप खोलायच्या आधी आरपीएम मोजा

कानात हेडफोन घालायला वेळ नाही पण वाचायला आहे, असे बरेच जण आहात. त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून टाकतोय. बोललो तसाच, थोडा आवरून.

आमच्या वेळापूर भागात ऊस जास्त. ज्वारी अजून बरीचशी माणसंच काढतात, कारण कडबा हवा असतो. गव्हाला मात्र कंबाईन हार्वेस्टर लागतो. यातली पुष्कळ मशिनं पंजाबची, पतियाळा जिल्ह्यातल्या नाभा-भादसोंकडं बनलेली. हंगामात तिकडून येतात, किंवा आपल्याकडचं कुणीतरी सेकंडहँड घेतं. असं जुनं मशीन भर हंगामात लोड घेईना झालं की फिटरचा पहिला शब्द ठरलेला: "पंप खोलावा लागंल." पंप खोलला की मशीन बसून, गहू उभा, आणि वर अवकाळीचं आभाळ.

आता बघा, कंबाईनमध्ये इंजिन एकच. चाकं तेच फिरवतं, आणि कटर बार, ड्रम, पंखा, चाळण्याही पट्ट्यांवरून तेच. आरपीएम पडला की सगळंच मंदावतं: ओंबीत दाणे राहतात, टाकीत भुसा येतो. म्हणून मळणी चालू असताना रेस पूर्ण ठेवायची. मशीन हळू न्यायचं असेल तर गिअर किंवा व्हेरिएटर वापरायचा. रेस कमी करून हळू चालवायचं आणि मग इंजिनला नावं ठेवायची, हे काही खरं नाही.

पण आरपीएम किती आहे ते कळणार कसं? जुन्या मशीनचा मीटर बहुतेक वेळा बंदच असतो. इथं आपला मोबाईल कामाला येतो. यातल्या बऱ्याच मशिनांत अशोक लेलँडचं सहा सिलिंडरचं इंजिन असतं, रेटिंग 2200 आरपीएम. फोर स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्यात निम्मे सिलिंडर पेटतात, म्हणजे सहापैकी तीन. 2200 भागिले 60, गुणिले 3, उत्तर 110. म्हणजे सेकंदाला 110 ठोके, 110 हर्ट्झ. स्पेक्ट्रम ॲनालायझरचं कुठलंही फुकट ॲप घ्या, मळणी बंद ठेवा, पूर्ण रेस द्या आणि आलेखात 110 च्या आसपासचं टोक शोधा. हर्ट्झ गुणिले 20 म्हणजे आरपीएम. चार सिलिंडर असतील तर गुणिले 30. रेस कमी-जास्त केल्यावर टोक सोबत सरकतंय ना, तेवढं बघा, नाहीतर पंख्याचाच आवाज मोजाल. खात्री हवी असेल तर पुलीला चमकती पट्टी चिकटवून डिजिटल टॅकोमीटरनं मोजा.

रिकाम्या इंजिनाचा आकडा रेटिंगपेक्षा थोडा वर हवा. तिथंच कमी भरत असेल तर आधी रेसची केबल बघा. एकानं लिव्हर पूर्ण ओढायचा, दुसऱ्यानं पंपावरचा दांडा स्टॉपला टेकतोय का ते बघायचं. ताणलेल्या केबलमुळं तो पूर्ण जात नाही, आणि नाव मात्र पंपाचं खराब.

रिकामं बरोबर, पण पिकात शिरल्यावर 110 चे 95 झाले, म्हणजे 1900, तर धूर बघा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: एअर फिल्टर, आत चिमटलेला रबरी पाइप, आणि मग नोझल. धूरच नाही आणि ताकदही नाही, तर डिझेल पोचत नाहीये. यात टाकीचं झाकण सगळ्यात फसवं. त्याचं हवेचं भोक भुशानं बुजलं की अर्धा तास मशीन छान चालतं, मग मरायला लागतं. झाकण सैल करा. फुस्स करून हवा आत गेली आणि इंजिन सुधारलं, तर काम झालं. नाहीतर टाकीच्या तळाचा गाळ, फीड पंपाची जाळी, फिल्टर, टाकीकडचा जुना पाइप या क्रमानं जा. आरपीएम आपोआप वर-खाली झुलत असेल तर लाइनमध्ये हवा शिरत असण्याची शक्यता जास्त. हवा काढा आणि जोड तपासा. पांढरा धूर गरम झाल्यावरही राहिला तर टायमिंग किंवा कॉम्प्रेशन. ते फिटरचंच काम.

तिसरी गंमत म्हणजे आकडा जागेवर, पण ड्रम चोक होतोय. इंजिन निर्दोष आहे, पट्टा घसरतोय. रबर जळल्याचा वास येतोच. झाकण उघडायच्या आधी इंजिन बंद, चावी खिशात.

आणि हे सगळं दुपारी तपासा. सकाळी काड दवानं दमट असतं, तेव्हा चांगल्या इंजिनालाही ते जड जातं.

पंपाचं सील सगळ्यात शेवटी. स्क्रू फिरवून डिझेल वाढवून देणारे भेटतील. थोडी ताकद वाढल्यासारखी वाटते, पण हवा तेवढीच असल्यानं धूर काळा होतो आणि इंजिन तापतं. सील तुटायची वेळ आलीच, तर आधी रिकाम्याचा आणि लोडचा आकडा वहीत लिहून फिटरच्या हातात द्या. दुरुस्तीनंतर पुन्हा मोजायला तोच लागणार आहे.