ज्या प्रश्नात कोणाचाच नफा नाही

जिभेवर किंवा गालाच्या आतल्या बाजूला कर्करोगाची छोटी गाठ सापडली, तर ती कापून काढायची, यावर डॉक्टरांमध्ये दुमत नसते. दुमत होते ते मानेविषयी. तोंडाचा कर्करोग पसरतो तो बहुधा आधी मानेतल्या लसिकाग्रंथींमध्ये, आणि तिथे पोचलेल्या मूठभर पेशी हाताला लागत नाहीत, तपासणीतही अनेकदा दिसत नाहीत. मग गाठ काढतानाच मानही साफ करावी, की मानेत काही उमटेपर्यंत वाट पाहावी? आधीच मान उघडली तर कित्येकांना गरज नसलेली शस्त्रक्रिया सोसावी लागणार, खांदा दुखावणार. थांबलो तर काहींच्या बाबतीत फार उशीर होणार. जगातले नामवंत शल्यविशारद अर्धे शतक या प्रश्नावर दोन तटांत उभे होते आणि प्रत्येक जण आपापल्या अनुभवाचा दाखला देत होता. उत्तर आले ते मुंबईत परळला असलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयातून. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्णांना चाचणीत घेतले, निम्म्यांची मान आधीच साफ केली, निम्म्यांची गरज पडली तरच. पहिल्या ५०० रुग्णांचा हिशेब मांडला तेव्हा तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातले ६७.५ टक्के. म्हणजे दर आठ रुग्णांची मान आधी साफ केली, की एक मृत्यू टळतो. २०१५ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि वाद मिटला.

हा प्रश्न इतकी वर्षे का लोंबकळला, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. शस्त्रक्रिया कधी करावी, या प्रश्नात विकण्याजोगे काही नाही. नवे औषध बाजारात आणायचे तर कायद्याने चाचणी करावीच लागते आणि ती कंपनी स्वतःच्या पैशाने करते. अनेक उत्तम औषधे या वाटेने आली आहेत. पण जुने औषध नव्या कामाला येते का, महागड्या औषधाचा छोटा डोस पुरतो का, एखादी प्रचलित शस्त्रक्रिया मुळात हवी का, हे विचारण्यासाठी पैसा घालणारा व्यापारी सापडणे कठीण. हे प्रश्न विचारण्याची जबाबदारी विद्यापीठांवर आणि सार्वजनिक रुग्णालयांवरच येऊन पडते. तोंडाच्या कर्करोगाचे ओझे तर तंबाखूमुळे सर्वाधिक आपल्याच देशावर आहे; त्याची उत्तरे बोस्टन किंवा लंडनमध्ये कोणी आपल्यासाठी शोधून ठेवील, ही अपेक्षा धरणे चूक आहे.

टाटा मेमोरियल हे अशा कामासाठी घडत गेलेले ठिकाण आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटांच्या विश्वस्त निधीतून रुग्णालय सुरू झाले, १९५७ मध्ये केंद्र सरकारने ते ताब्यात घेतले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. २००५ मध्ये होमी भाभा राष्ट्रीय संस्था हे अभिमत विद्यापीठ झाले आणि टाटा मेमोरियल सेंटर त्याची घटक संस्था बनले. म्हणजे इथे उपचार, अध्यापन आणि संशोधन एकाच छपराखाली चालते. देशभरातून रुग्णांची रीघ लागते हे रुग्णालयाचे दुखणे आहे, पण त्या गर्दीमुळेच इतर ठिकाणी वीस वर्षे लागतील अशा प्रश्नाचे उत्तर इथे लवकर मिळू शकते.

चाचणीविषयी सामान्य माणसाला सर्वांत जास्त खटकते ती चिठ्ठी. कोणाला कोणता उपचार द्यायचा हे डॉक्टर ठरवत नाही, रुग्ण ठरवत नाही. संगणकाने काढलेल्या चिठ्ठीवर ठरते. जिवाचा प्रश्न नशिबावर कसा सोपवायचा? याचे उत्तर याच रुग्णालयाच्या दुसऱ्या एका चाचणीत आहे. स्तनाचा कर्करोग निदानाच्या वेळीच शरीरात अन्यत्र पसरलेला असेल, तर स्तनातली मूळ गाठ काढून उपयोग होतो का, हा प्रश्न होता. जगभरच्या जुन्या नोंदी चाळल्या तर शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया जास्त काळ जगलेल्या दिसत होत्या, म्हणून अनेक ठिकाणी ती केलीही जात होती. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने ३५० स्त्रियांवर चिठ्ठी टाकून ती पडताळली. शस्त्रक्रिया झालेल्यांचे मध्यम आयुर्मान १९.२ महिने निघाले, न झालेल्यांचे २०.५. फायदा शून्य. मग जुन्या नोंदी खोटे बोलत होत्या का? नाही. शस्त्रक्रियेसाठी डॉक्टरांनी निवडलेल्या स्त्रिया मुळातच वयाने लहान, प्रकृतीने बऱ्या, कमी पसरलेल्या आजाराच्या होत्या. त्या जास्त जगल्या त्या निवडीमुळे, सुरीमुळे नव्हे. डॉक्टरचा चांगला हेतूच हिशेबात असा नकळत शिरतो आणि निष्कर्ष वाकवतो. चिठ्ठी त्याला बाहेर ठेवते. पुढे तुर्कस्तानातल्या एका चाचणीचा कौल वेगळा आला, पण तिथले दोन गट सुरुवातीपासूनच सारखे नव्हते. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने मुंबईचाच निष्कर्ष उचलून धरला. एखादा उपचार निरुपयोगी आहे हे सिद्ध करणाऱ्या चाचणीचे कौतुक कमी होते. माझ्या मते ते अधिक व्हायला हवे, कारण त्यामुळे हजारो स्त्रियांचा देह व्यर्थ चिरला जाणे थांबते.

‘आम्ही काय प्रयोगाचे उंदीर आहोत का,’ हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. या देशात माहिती न देता, सह्या घेऊन लोकांना चाचण्यांत ओढल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आहेत आणि नियम कडक झाले ते त्या तक्रारींमुळेच. पण न्याय्य चाचणीची पहिली अट अशी, की दोन उपचारांपैकी कोणता सरस, हे जाणकारांनाही खरोखर ठाऊक नसले पाहिजे. ठाऊक असेल तर चिठ्ठी टाकणे हा अपराध ठरेल. म्हणूनच चाचणी चालू असताना बाहेरच्या तज्ज्ञांची एक समिती मधूनमधून आकडे उघडून पाहते. मानेच्या चाचणीत या समितीला ५०० रुग्णांच्या आकड्यांतच कौल स्पष्ट दिसला आणि तो लगेच जगापुढे ठेवला गेला. अज्ञानात उपचार तर रोजच होतात. चाचणीत ते अज्ञान निदान कबूल केलेले, नोंदलेले आणि पहाऱ्याखाली असते.

नफा नसलेल्या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण लिडोकेनचे आहे. दाढ काढताना हिरडीत देतात तेच भूल देणारे औषध, १९४० च्या दशकात शोधलेले, कोणत्याही औषधांच्या दुकानात मिळणारे. स्तनाची गाठ काढताना तिला होणाऱ्या धक्क्याने कर्करोगाच्या पेशी चेकाळून पसरत असाव्यात आणि हे औषध त्यांना त्या वेळी थोपवीत असावे, असा तर्क होता. २०११ पासून देशातल्या ११ केंद्रांवर १६०० स्त्रियांना या चाचणीत घेतले गेले. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटे आधी गाठीभोवती हे इंजेक्शन दिले. पाच वर्षांनी इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी ८६.४ टक्के. फरक चार टक्क्यांच्या आतलाच. पण कर्करोगात एवढ्याच फरकासाठी लाखो रुपयांची औषधे दिली जातात. यावरचा आक्षेप योग्य आहे: दुसऱ्या गटाला नुसत्या पाण्याचे इंजेक्शन दिलेले नव्हते, म्हणजे कोणाला काय मिळाले हे शस्त्रक्रिया करणाऱ्याला माहीत होते; शिवाय औषध नेमके कसे काम करते हे पुरते उलगडलेले नाही. रुग्ण हयात आहे की नाही, ही नोंद कोणाच्या समजुतीने बदलत नाही, त्यामुळे निष्कर्ष फेटाळावा असे मला वाटत नाही. तरीही दुसऱ्या देशात कोणी ही चाचणी पुन्हा करील, तर ते हवेच आहे.

निव्होलुमॅबची गोष्ट याच्या उलट टोकाची. कर्करोगावरचे हे औषध महाग आहे. प्रचलित डोस दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम, आणि भारतातल्या बहुसंख्य रुग्णांना तो कधीच परवडत नाही. टाटामधल्या डॉक्टरांनी विचारले, दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम दिले तर? डोके आणि मानेच्या बऱ्या न होणाऱ्या कर्करोगाचे १५१ रुग्ण घेतले. सर्वांना तोंडाने घेण्याच्या स्वस्त गोळ्या, निम्म्यांना त्यांच्या जोडीला हा अल्प डोस. वर्षभरानंतर नुसत्या गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के हयात होते, जोड दिलेल्यांत ४३.४ टक्के. अल्प डोस पूर्ण डोसइतकाच चांगला आहे, असे या चाचणीने सिद्ध केलेले नाही. तशी तुलना तिने केलीच नव्हती. ज्यांना काहीच मिळणार नव्हते त्यांना काहीतरी खरे देता येते, एवढे तिने दाखवले.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र यांपैकी कोणत्याच चाचणीवरचा नाही. १९९८ मध्ये टाटाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांची चाचणी सुरू केली. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, लावून डोळ्यांनी तपासणी केली. उरलेल्या वस्त्यांना आरोग्यशिक्षण मिळाले, तपासणी नाही. तपासलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. निष्कर्ष २०१३ मध्ये डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी जगापुढे मांडला आणि त्याच वेळी विचारणा झाली: पॅप तपासणी उपयोगी आहे हे जगाला माहीत असताना दुसऱ्या गटाला तपासणीविना का ठेवले? त्यातल्या मृतांचा जाब कोणी द्यायचा? संशोधकांचे उत्तर असे, की पॅप तपासणीला लागणारी प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित माणसे त्या वस्त्यांपर्यंत पोचणारच नव्हती. तुलना झाली ती प्रत्यक्षात मिळणाऱ्या सेवेशी. हे उत्तर मला अर्धेच पटते. तुलनेशिवाय ३१ हा आकडा कधीच मिळाला नसता आणि कोणत्याही सरकारला हे पटवता आले नसते, हे खरे. पण ‘तुमच्या वस्तीला नाहीतरी काही मिळत नाही’ हा युक्तिवाद गरिबांच्याच वस्तीत लागू पडतो, आणि त्यामुळे तो करणाऱ्यावर जास्त बंधन येते: दुसऱ्या गटाला कोणत्या तपासण्या अस्तित्वात आहेत आणि त्या कुठे होतात, हे त्यांच्या भाषेत, स्पष्ट सांगायलाच हवे.

अशा तुलनेतून किती बारीक गोष्टी कळतात, हे उस्मानाबाद जिल्ह्यात दिसले. आजच्या धाराशिवमधल्या गावांत १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने टाटा आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर काम केले. तिथे आम्लाची तपासणी एकदाच केली, तर मृत्यूंत ठळक घट दिसली नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच केली, तर मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. गावात आरोग्यसेविका पुन्हापुन्हा जाणार असेल तर एक उपाय, एकदाच जाणार असेल तर दुसरा. आरोग्य खात्याला ठोस आधार देणारी ही माहिती धाराशिवच्या शेतकरी बायकांनी दिली आहे.

उपचार करणारा आणि संशोधन करणारा डॉक्टर एकच असला, की रुग्णाला नाही म्हणणे जड जाते, ही अडचण विद्यापीठीय रुग्णालयात नेहमीच राहणार. आपल्याकडे डॉक्टरला देव मानण्याची सवय ती आणखी वाढवते. नैतिकता समितीत डॉक्टरांखेरीज कायद्याचा जाणकार आणि सामान्य नागरिक असावा लागतो, तो यासाठीच. पण समिती दूर बसते. संमतीपत्र रुग्णासमोर असते. ते मराठीत हवे, आणि समजेल अशा मराठीत. शब्दकोशातून उचललेल्या जडजंबाल संज्ञांचे कागद ज्यांनी लिहिले, त्यांना चाचणीचे मर्म कळले नाही असेच म्हणावे लागेल.

तेव्हा तुमच्यासमोर किंवा घरातल्या कोणासमोर असे पत्र आले, तर घाईने सही करू नका आणि घाबरून नकारही देऊ नका. विचारा: चिठ्ठीत दोन्ही बाजूंना काय आहे? चाचणीत न आल्यास मला कोणता उपचार मिळेल? खर्च कोण करणार? इजा झाल्यास जबाबदारी कोणाची? पत्र घरी न्या, वाचून घ्या, सही केलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. २००७ मध्ये सुरू झालेल्या भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत तो टाकला, की चाचणी कोणाची, कशासाठी आणि कोणाच्या पैशावर, हे कोणालाही फुकट वाचता येते. आणि सही केल्यानंतरही कोणत्याही दिवशी, कारण न सांगता, चाचणीतून बाहेर पडता येते. त्यासाठी नेहमीचा उपचार कोणी थांबवू शकत नाही.