तंजावरचे रेल्वे स्टेशन

तंजावरच्या भोसले घराण्याचे शेवटचे राजे, दुसरे शिवाजी, १८५५ साली निवर्तले आणि सुमारे पावणेदोनशे वर्षांचे मराठी राज्य संपले. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८६१ मध्ये, नागपट्टिणमहून इथे आगगाडी आली. पुढच्या वर्षी ती तिरुचिरापल्लीला पोहोचली. आज या जंक्शनवरून तिरुचिरापल्ली, कुंभकोणम आणि तिरुवारूर अशा तिन्ही दिशांना गाड्या जातात. चेन्नईहून रात्री निघणाऱ्या ‘उळवन एक्स्प्रेस’चे हे शेवटचे स्टेशन. उळवन म्हणजे शेतकरी; कावेरीकाठच्या भातशेतीला साजेसेच नाव! मराठी प्रवाशाने इथे जरूर उतरावे. बृहदीश्वर मंदिरातला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आणि सरस्वती महाल ग्रंथालय, दोन्ही स्टेशनपासून रिक्षाने थोड्याच अंतरावर आहेत.