चेहऱ्यावरची सुई आणि काळंनिळं पडणं : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातली गर्दीही वाढते. कपाळावरच्या आठ्यांसाठी बोटॉक्स, डोळ्यांखालच्या खोलगट भागासाठी किंवा ओठांसाठी फिलर ही नावं आता मुंबई-पुण्याबाहेरही ओळखीची झाली आहेत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आधी सांगायला हवं. बोटॉक्स स्नायूला काही महिने सैल ठेवतं. फिलर म्हणजे बहुधा हायलुरॉनिक ॲसिडचं जेल, ते त्वचेखाली भरलं जातं. दोन्हींत सुई मात्र आहेच, आणि सुई आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काळंनिळं तर पडणार नाही ना?"

या प्रश्नाची उत्तरं डॉक्टरांच्या आधी मैत्रिणी देतात, पार्लरमधली ताई देते, व्हॉट्सॲप देतं. त्यातली बरीचशी निरुपद्रवी असतात, काहींपायी पैसे वाया जातात. पण दोन समजुती अशा आहेत की एक जिवावर बेतू शकते आणि दुसरी डोळ्यांवर. मुख्यतः त्या दोन समजुतींसाठी हे लिहिते आहे.

गैरसमज : डॉक्टरांचा हात चांगला असेल तर डाग पडतच नाही.

चेहऱ्याच्या त्वचेखाली बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि त्यातल्या बहुतेक वरून दिसत नाहीत. सुईचं टोक एखादीला लागलं की थोडं रक्त झिरपतं आणि त्वचेखाली साकळतं. वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्या डॉक्टरांच्या हातूनही हे होतं. डोळ्यांभोवती आणि ओठांवर जास्त होतं, कारण तिथली त्वचा नाजूक आणि रक्तपुरवठा भरपूर असतो. वय वाढलं की त्वचा पातळ होते, तेव्हाही डाग लवकर पडतो.

चांगल्या हातानं फरक पडतो तो शक्यता कमी होण्यात. असे डॉक्टर मेकअप पूर्ण पुसायला लावतात, चांगल्या उजेडात शिरा न्याहाळतात, बारीक सुई घेतात, कमीत कमी ठिकाणी टोचतात आणि औषध सावकाश सोडतात. रक्ताचा ठिपका दिसला की गॉजनं तिथेच काही मिनिटं दाबून धरतात. ही शेवटची गोष्ट अगदी साधी आहे, पण त्या पहिल्या मिनिटांतला दाब नंतर चोळलेल्या कुठल्याही मलमापेक्षा जास्त काम करतो. फिलरसाठी काही ठिकाणी सुईऐवजी बोथट टोकाची लवचीक नळी, म्हणजे कॅन्युला, वापरतात. ती रक्तवाहिनीत सहजासहजी घुसत नाही, त्यामुळे डाग कमी पडतात. मात्र 'कॅन्युला आहे, आता काहीच होणार नाही' असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

गैरसमज : सुई घेण्याआधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या आपण बंद कराव्यात.

जिवावर बेतू शकते ती हीच समजूत.

ही कुठून आली ते कळण्यासारखं आहे. ॲस्पिरिनमुळे प्लेटलेट्स एकमेकींना नीट चिकटत नाहीत आणि हा परिणाम त्या प्लेटलेटच्या उरलेल्या आयुष्यभर टिकतो. प्लेटलेटचं आयुष्य ७ ते १० दिवसांचं असतं. म्हणून डोकेदुखी-अंगदुखीसाठी मनानेच गोळ्या घेणाऱ्यांना डॉक्टर सांगतात की आठवडाभर आधी थांबवा. हा सल्ला त्यांच्यासाठी योग्यच आहे. पाकिटावरचं छोट्या अक्षरातलं नाव मात्र वाचायला हवं. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन, कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन असतं, आणि ही दोन्ही प्लेटलेट्सच्या कामात अडथळा आणतात. नुसतं पॅरासिटामॉल आणत नाही, त्यामुळे दुखलं तर ते घेता येतं.

पण ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, ज्यांना पक्षाघात होऊन गेला आहे, ज्यांच्या हृदयाची झडप बदलली आहे किंवा ठोके अनियमित आहेत, त्यांना ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा तत्सम गोळी हृदयरोगतज्ज्ञांनी किंवा मेंदूच्या डॉक्टरांनी जीव वाचवण्यासाठी दिलेली असते. ती चार दिवस बंद ठेवली तर स्टेंटमध्ये किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊ शकते. तराजूच्या एका पारड्यात आठवडाभराचा डाग आणि दुसऱ्यात हृदयविकाराचा झटका असताना यात विचार करण्यासारखं काही उरत नाही. ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांना विचारल्याशिवाय ती थांबवू नये. गोळी चालू असतानाही बोटॉक्ससारखी बारीक सुई घेता येते, फक्त डाग पडण्याची तयारी ठेवायची आणि नंतर जरा जास्त वेळ दाबून धरायचं. फिलरच घ्यायचं असेल तर दोन्ही डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं व्हायला हवं. आणि ही गोळी चालू असल्याचं त्वचेच्या डॉक्टरांपासून लपवायचं नाही. 'सांगितलं तर नाही म्हणतील' या भीतीनं पुष्कळ लोक गप्प बसतात.

गैरसमज : 'नॅचरल' कॅप्सूलनं काही फरक पडत नाही.

केसांसाठी, त्वचेसाठी म्हणून घेतलेली ती हिरवी ई-जीवनसत्त्वाची कॅप्सूल, माशाच्या तेलाच्या गोळ्या, गिंको, जिनसेंग, लसणाच्या आणि कर्क्युमिनच्या कॅप्सूल या सगळ्यांमुळे रक्त थांबायला वेळ लागू शकतो असं मानलं जातं. पुरावा सगळ्यांबद्दल सारखा भक्कम नाही, माशाच्या तेलाबद्दलचा तर कमजोरच आहे. तरीही डॉक्टरांनी लिहून न दिलेल्या या गोष्टी दोन आठवडे थांबवल्यानं नुकसान काहीच नाही. स्वयंपाकघराला मात्र यात ओढू नका. फोडणीतला लसूण, वरणातली हळद, आल्याचा चहा चालू ठेवायला काहीच हरकत नाही. मद्य आदल्या दिवशी आणि त्या दिवशी टाळावं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट सांगायला लोक विसरतात : पावसाळ्यात होऊन गेलेला डेंग्यू. प्लेटलेट्स उतरल्या असतील तर त्या पूर्ववत झाल्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय चेहऱ्यावर सुई घेऊ नये.

गैरसमज : बर्फ जितका जास्त तितका डाग कमी.

थंडाव्यानं रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून सुईच्या आधी आणि नंतर थंड शेक उपयोगी पडतो. पण बर्फ थेट त्वचेवर धरून ठेवला तर त्वचा भाजल्यासारखी होते. पातळ स्वच्छ कापडात गुंडाळून, न दाबता, ५ ते १० मिनिटं, मग थोडी विश्रांती, असं पहिल्या दिवशी अधूनमधून करावं. दोन दिवस उलटल्यावर बर्फाचा फायदा उरत नाही. मग कोमट शेकानं साकळलेलं रक्त शोषलं जायला मदत होते. पहिला दिवसभर जिम, धावणं, सूर्यनमस्कार, गरम वाफ, सॉना बंद. रात्री डोकं एका जास्तीच्या उशीवर. आणि चेहरा चोळायचा नाही. बोटॉक्सच्या बाबतीत तर चोळल्यानं औषध नको त्या स्नायूपर्यंत पसरण्याची भीती असते.

गैरसमज : आंबेहळद लावा, अर्निका घ्या, दोन दिवसांत साफ.

मुका मार लागला की आंबेहळद किंवा रक्तचंदन सहाणेवर उगाळून लावायचं, हे आपल्या घराघरांत आजीपासून चालत आलेलं आहे. गुडघा आपटल्यावर ते लावायला कुणाची हरकत नाही. पण मुक्या मारात त्वचा फाटलेली नसते. इथे तर सुईनं पाडलेली बारीक भोकं काही तास उघडी असतात आणि सहाण, पाणी, बोट यांतलं काहीच निर्जंतुक नसतं. फिलरमध्ये जंतुसंसर्ग झाला तर तो बरा करणं किचकट असतं. दुसरं असं की लेपाचा पिवळा थर त्वचेचा खरा रंग झाकून टाकतो आणि तो रंग पाहणं का गरजेचं आहे ते पुढे येईलच.

अर्निकाबद्दलचे अभ्यास उलटसुलट आहेत. काहींत मलमाचा थोडा फायदा दिसला, काहींत अजिबात नाही. होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांनी डाग लवकर गेल्याचा खात्रीचा पुरावा नाही. अननसातल्या ब्रोमेलेनचंही तेच. अननस आवडतो म्हणून खा, औषध म्हणून नको. के-जीवनसत्त्वाची मलमं महाग असतात आणि फरक झाला तरी थोडाच होतो. डाग मुळात आपोआपच ओसरतो, त्यामुळे त्या आठवड्यात जे लावलं असेल त्याला श्रेय मिळतं.

गैरसमज : दुसऱ्या दिवशी डाग वाढला, खाली सरकला, म्हणजे काहीतरी बिघडलं.

साकळलेलं रक्त पहिल्या दोन-तीन दिवसांत वर येतं आणि गुरुत्वाकर्षणानं खाली उतरतं. डोळ्याखाली टोचलं असताना गालावर काळिमा दिसणं यात नवल नाही. आधी लालसर, मग जांभळा-निळा, मग हिरवट, शेवटी पिवळा, असे रंग बदलतात, कारण शरीर रक्तातलं हिमोग्लोबिन टप्प्याटप्प्यानं मोडत असतं. सर्वसाधारणपणे आठवडा ते दोन आठवड्यांत सगळं निवळतं. डाग पडला म्हणून बोटॉक्स किंवा फिलर वाया जात नाही.

सावळ्या-गव्हाळ त्वचेत मात्र एक वेगळी गोष्ट असते. हिमोग्लोबिनमधल्या लोहाचा तपकिरी अंश डोळ्यांखाली काही आठवडे, कधी काही महिने रेंगाळू शकतो आणि उन्हानं तो भाग आणखी गडद होतो. म्हणून टोचल्याची भोकं मिटल्यावर, साधारण दुसऱ्या दिवसापासून, सनस्क्रीन चुकवू नये. डाग लवकर घालवणारी लेझर उपचारपद्धती आहे आणि ती गुणकारीही आहे, पण आपल्या त्वचेतलं रंगद्रव्य लेझरची ऊर्जा शोषून घेतं. गव्हाळ त्वचेचा अनुभव नसलेल्या हातात लेझर असेल तर एक डाग घालवताना दुसरा पडायचा.

गैरसमज : हळदीच्या चार दिवस आधी केलं तरी मेकअपनं झाकता येतं.

जांभळ्यावर पिवळसर आणि निळ्या-काळ्यावर नारिंगी कन्सीलर लावून बरंच झाकता येतं, तेही पहिला दिवस उलटल्यावर आणि स्वच्छ ब्रशनं. सूज मात्र झाकली जात नाही. बोटॉक्सचा पूर्ण परिणाम दिसायलाच दोन आठवडे लागतात. फिलर बसायलाही तेवढा वेळ द्यावा लागतो. त्यामुळे साखरपुडा असो की लग्न, किमान दोन आठवडे, आणि पहिलीच वेळ असेल तर महिनाभर हातात ठेवावा. त्याहून कमी दिवस उरले असतील तर त्या मुहूर्तापुरता हा विचार सोडून द्यावा.

गैरसमज : काळंनिळं दिसतंय, म्हणजे साधा डागच असणार.

डोळ्यांवर बेतू शकते ती ही समजूत. फिलर चुकून धमनीत गेलं किंवा धमनी बाहेरून दाबली गेली तर पुढच्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो. हे क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा सुरुवातीला ते डागासारखंच दिसू शकतं, आणि 'आठवड्यात जाईल' म्हणून घरी बसलेल्या माणसाची त्वचा काही दिवसांत मरू शकते.

फरक ओळखण्याच्या खुणा आहेत. साधा डाग टोचल्याच्या जागी असतो, एकसंध दिसतो, दाबल्यावर थोडाच दुखतो. रक्तपुरवठा तुटलेला भाग आधी पांढुरका पडतो आणि मग त्यावर जाळीसारखी निळसर नक्षी उमटते. ही नक्षी टोचलेल्या जागेपासून लांबही उमटते : फिलर नाक आणि ओठांमधल्या घडीत भरलेलं असतं आणि रंग नाकपुडीवर किंवा वरच्या ओठावर बदलतो. दुखणं बहुधा जास्त आणि वाढत जाणारं असतं. भुलीच्या मलमामुळे सुरुवातीला ते जाणवतही नाही. हाताला तो भाग गार लागतो. दोन-तीन दिवसांनी तिथे पुटकुळ्या येतात आणि लोक त्यांना मुरूम समजतात.

घरी करता येईल अशी एक तपासणी आहे. बोटानं तो भाग काही सेकंद दाबून सोडा. दाबलेली जागा पांढरी होते आणि निरोगी त्वचेत साधारण दोन सेकंदांत रंग परत येतो. दुसऱ्या गालावर त्याच जागी दाबून तुलना करा. रंग परतायला स्पष्ट उशीर होत असेल तर थांबू नका. सावळ्या त्वचेवर पांढुरकेपणा लवकर कळत नाही, म्हणून दिवसाच्या उजेडात पाहा आणि ओठाला टोचलं असेल तर ओठ उलटून आतली बाजू पाहा. मात्र या तपासणीत काही आढळलं नाही तरी शंका आली असेल तर डॉक्टरांना दाखवाच. अशा वेळी बर्फ लावू नका. रक्तवाहिन्या आणखी आकसतील.

फिलर हायलुरॉनिक ॲसिडचं असेल तर त्यावर उतारा आहे. हायलुरॉनिडेज हे विकर टोचलं की जेल विरघळतं. ते जितकं लवकर मिळेल तितकी त्वचा वाचते, म्हणून 'उद्या सकाळी दाखवू' हे चालणार नाही. आणि सुईनंतर अंधूक दिसलं, एका डोळ्यानं दिसेनासं झालं, दुहेरी दिसलं किंवा डोळ्यात तीव्र कळ आली तर तिथे मिनिटांचा हिशोब असतो. डॉक्टरांना फोन लावत लावतच डोळ्यांचा विभाग असलेलं मोठं रुग्णालय गाठायचं. नाकावर, भुवयांच्या मध्ये आणि कपाळावर भरलेल्या फिलरच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावं, कारण तिथल्या धमन्यांचा डोळ्याच्या धमनीशी थेट संबंध असतो.

म्हणून सुई घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा : भरणार आहात त्या औषधाचं नाव काय, हायलुरॉनिडेज आत्ता या दवाखान्यात आहे का, आणि रात्री अकरा वाजता काही वाटलं तर कुठल्या नंबरवर फोन उचलला जाईल. पार्लरमध्ये किंवा हॉटेलच्या खोलीत स्वस्तात टोचून देणाऱ्यांकडे या तिन्हींची उत्तरं नसतात. जिथे ती मिळणार नाहीत तिथे चेहरा पुढे करू नका.